जुनं पिनबॉल मशीन घरी दुरुस्त करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर धातूचा चेंडू खेळवून गुण मिळवायचा, नाण्यावर चालणारा खेळ. हे प्रश्न बहुतेक अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मित्रमंडळींचे आहेत. कुणाला शेजाऱ्याच्या गराजमध्ये धूळ खात पडलेलं मशीन मिळालेलं असतं, कुणाला इस्टेट सेलमध्ये. उत्तरं शिकागोत बनलेल्या, साधारण १९५० ते १९७७ या काळातल्या मशीनांना धरून दिली आहेत. त्यातही गॉटलिब कंपनीच्या मशीनांवर भर आहे, कारण माझा हात त्यांच्यावर जास्त बसलाय. विल्यम्स, बॅली, शिकागो कॉइन यांचं तत्त्व तेच, फक्त सुट्या भागांची रचना आणि व्होल्टेज वेगळं.

माझं मशीन इलेक्ट्रोमेकॅनिकल आहे हे कसं ओळखायचं?

गुण दाखवायला आकडे छापलेली फिरती चाकं असतील तर ते इलेक्ट्रोमेकॅनिकल. त्याहून जुन्यांत चाकंही नसतात, मागच्या काचेवरचे आकडे दिव्यांनी उजळतात. लाल-नारिंगी किंवा निळसर चमकणारे डिजिटल आकडे दिसले तर ते नंतरचं, चिपवालं मशीन. हा बदल मोठ्या कंपन्यांत १९७७ च्या सुमारास झाला.

खात्री करायची असेल तर खालची पेटी उघडा. आत रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), तारांचे जुडगे, दातेरी चाकं आणि एक छोटी मोटर दिसेल. त्यात एकही चिप नाही. किती चेंडू उरलेत, कुणाची पाळी आहे, बक्षीस लागलं का, हे सगळं रिले आणि चाकांच्या जागेवरून लक्षात ठेवलं जातं. म्हणूनच ही मशीनं घरी दुरुस्त करता येतात. विचार कुठे अडकला ते डोळ्यांनी दिसतं, बोटाने चाचपता येतं.

पहिल्यांदा घ्यायचं तर कोणतं घ्यावं?

एकाच खेळाडूचं. चार खेळाडूंच्या मशीनमध्ये गुणांच्या चाकांचे चार संच असतात, शिवाय पाळी बदलणारी वेगळी यंत्रणा. म्हणजे बिघाडाच्या जागा चौपट, आणि पाळी कुणाची या घोळात नवखा माणूस हमखास अडकतो. गॉटलिबच्या एकखेळाडू मशीनांचं डोकं, म्हणजे मागचा उभा खोका, खाली निमुळतं असतं, लांबूनच ओळखू येतं.

तरी लोक चारखेळाडूच घेतात, कारण मिळतात तीच. बॅलीचं १९७६ चं ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ १६,१५५ नग बनलं होतं, त्यामुळे ते अजूनही बाजारात दिसतं. पत्त्यांचा शौक असलेल्यांना गॉटलिबचं ‘रॉयल फ्लश’ (तेही १९७६ चं) फार आवडतं, त्यात पत्त्यांची रांगच्या रांग पाडायची असते. त्याचीच दोन खेळाडूंची आवृत्ती ‘कार्ड विझ’ नावाने आली. दोन्ही समोर असतील तर दुसरं उचला, आतली गर्दी कमी.

फ्लिपरच (बटण दाबलं की चेंडू वर मारणारे छोटे दांडे) नसलेलं मशीन मिळालं तर ते बहुधा १९४७ च्या आधीचं. त्या वर्षी गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये पहिल्यांदा फ्लिपर आले, तेही सहा. नवख्याने अशा मशीनच्या वाटेला जाऊ नये.

विकणारा म्हणतो, ‘आम्ही शेवटचं खेळलो तेव्हा चालत होतं.’ किती विश्वास ठेवायचा?

बोलणं खरंच असतं. फक्त ते शेवटचं खेळणं वीस वर्षांपूर्वीचं असतं.

चालतं की नाही याला मी फारसं महत्त्व देत नाही. बंद पडलेलं पण कुणी हात न लावलेलं मशीन हे ‘थोडंसं दुरुस्त केलेल्या’ मशीनपेक्षा केव्हाही चांगलं. बघायच्या गोष्टी तीन. मागच्या काचेवरचं चित्र : रंगाचे पापुद्रे किती सुटलेत? खेळायची फळी : बंपरभोवती (चेंडू उसळवणाऱ्या गोल खांबांभोवती) आणि फ्लिपरच्या तोंडाशी लाकूड उघडं पडलंय का? आणि पेटीच्या आत कुणी तारा कापून वेगळ्या रंगाच्या तारा जोडल्यात का? काच आणि फळी परत आणणं महाग आणि किचकट, कॉन्टॅक्ट (स्विचची एकमेकांना टेकणारी टोकं) साफ करणं फुकट. वायरिंगमध्ये कुणी हौशीने उद्योग केलेला दिसला की भाव पाडा नाहीतर निघा.

पेटीच्या तळाशी कीड, उंदरांची घरटी आणि पाण्याचे डाग बघायला टॉर्च न्या. बेसमेंटमध्ये कधी पाणी शिरलं होतं का, हे सरळ विचारा.

किल्ली नाही. कुलूप फोडू?

आधी नाण्यांच्या दारामागे हात घालून बघा. मागच्या डोक्याची किल्ली आतल्या हुकावर टांगायची पद्धत होती. दारही बंद असेल तर कुलपाच्या मध्यावर ड्रिल मारा. नवं कुलूप काही डॉलरमध्ये मिळतं. पहारीने दार उचकटू नका.

गाडीतून आणायचं कसं?

आधी चेंडू काढा, मग वरची काच. काच वेगळी, ब्लँकेटमध्ये गुंडाळून. मग डोकं : आतले बोल्ट सोडा, आणि खालून आलेल्या तारांचे मोठे चौकोनी प्लग ओढून काढा. ओढण्याआधी प्रत्येक प्लग आणि त्याच्या खोबणीवर चिकटपट्टी लावून एकच नंबर लिहा आणि फोटो काढा. शेवटी पाय. दोन माणसं लागतातच.

जुन्या मशीनांवर कधी कधी साधी खिडकीची काच असते. ती फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. घरात मुलं असतील तर त्या जागी टफन्ड काच टाका. १९६० नंतरच्या बहुतेक मशीनांना २१ बाय ४३ इंचाची बसते, पण मोजून मागवा.

घरी आणलं. एकदा प्लग लावून बघू?

नको. सगळ्यांचे हात इथेच शिवशिवतात, आणि एखादी कॉइल (वीज आली की आतला लोखंडी दट्ट्या ओढणारी तारेची गुंडाळी) इथेच जळते.

चिकटून राहिलेला एक स्विच एखाद्या कॉइलमध्ये सतत वीज सोडत राहतो. या कॉइल क्षणभर ठोका मारण्यासाठी बनवलेल्या आहेत, दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त वीज त्यांना सोसत नाही. आधी धूळ काढा, ब्रश आणि व्हॅक्यूमने. पडलेले स्क्रू, नाणी, तुटलेल्या स्प्रिंगा शोधा. पेटीच्या तळाशी सापडलेली प्रत्येक वस्तू डबीत जपून ठेवा, ती कुठून तरी पडलेली आहे. मग प्रत्येक रिले बोटाने दाबून सोडा, प्रत्येक दट्ट्या आत ढकलून बघा. स्प्रिंगने परत आला पाहिजे. जो अडतो, तो नोंदवा.

त्यानंतर फ्यूज. प्रत्येक फ्यूजची क्षमता जवळच्या कागदी चिठ्ठीवर छापलेली असते. तिथे कुणीतरी तिप्पट अँपिअरचा फ्यूज किंवा चक्क चांदीचा कागद गुंडाळलेला आढळणं नवलाचं नाही. असं दिसलं तर त्या वाटेवरची प्रत्येक कॉइल संशयित धरा.

वीज कितपत धोकादायक आहे?

भिंतीतले ११५ ते १२० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरपर्यंत येतात. पुढे गॉटलिबमध्ये कॉइलसाठी २५ च्या आसपास, बॅलीत ५० च्या आसपास, आणि दिव्यांसाठी ६ व्होल्ट. २५ व्होल्टचा चिमटा बसतो, जीव जात नाही. पण चालू-बंदचा स्विच, मुख्य फ्यूज, आतला सर्व्हिस सॉकेट आणि काही मॉडेलांत मोटरही थेट भिंतीच्या विजेवर असते. ते भाग कोणते, हे आराखड्यावर बघून लाल टेपने खूण करा.

जुनी वायर दोन पिनांची असते, अर्थिंग नसतं. इथे मूळपणाचा आग्रह धरू नका. तीन पिनांची वायर बसवा आणि हिरवी तार ट्रान्सफॉर्मरची चौकट, नाण्यांचं दार, समोरची धातूची पट्टी, बाजूच्या पट्ट्या, पाय या सगळ्यांपर्यंत न्या. खेळणारा दोन्ही तळवे धातूवर टेकवून उभा असतो, बेसमेंटच्या फरशीवर बऱ्याचदा अनवाणी. गरम तार (भिंतीतून वीज आणणारी, म्हणजे फेजची) स्विच आणि फ्यूजमधून जाते ना, हेही तपासा. जुन्या प्लगमध्ये उलटसुलट काहीही चालायचं.

हत्यारं कोणती लागतील?

मल्टिमीटर, दोन्ही टोकांना मगरचिमटे असलेली एक तार, स्विचच्या पत्त्या (धातूच्या पातळ लवचीक पट्ट्या) वाकवायचं खाचेचं हत्यार, कॉन्टॅक्टसाठी लवचीक बारीक कानस, चाळीस वॉटची सोल्डर गन, इंची मापाचे पाने. आणि जाड कागदाच्या पट्ट्या, जुनी व्हिजिटिंग कार्डं चालतात. भारतातून आणलेला मिलिमीटरचा पाने-सेट इथे निरुपयोगी आहे, बोल्टच्या कडा झिजतील.

सुटे भाग मिळतात. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी ‘द पिनबॉल रिसोर्स’ आहे, गॉटलिबच्या जुन्या भागांसाठी आणि आराखड्यांसाठी मी आधी तिथेच बघतो. ‘मार्को स्पेशालिटीज’कडे रबर, दिवे, स्लीव्ह (कॉइलमधली, दट्ट्याभोवतीची नळी) असा रोजचा माल.

आराखडा समजत नाही. त्याच्याशिवाय चालेल?

आराखड्याशिवाय साफसफाई होईल, दुरुस्ती होणार नाही. मागवाच. मूळ कागद सापडला तर तो वापरू नका, मोठी झेरॉक्स काढा आणि तिच्यावर पेन्सिलने रेघोट्या मारा.

वाचायची युक्ती अशी. आराखडा म्हणजे मशीनचा नकाशा नव्हे, शेजारी काढलेले दोन स्विच प्रत्यक्षात एक डोक्यात आणि एक पेटीत असू शकतात. त्याकडे शिडीसारखं बघा : एका बाजूला विजेची एक तार, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि प्रत्येक आडव्या पायरीवर काही स्विच नि शेवटी एक कॉइल. एखादी कॉइल ओढत नसेल तर तिची पायरी शोधा. त्या पायरीवरचे सगळे स्विच मिटले तरच वीज पोचते. मग मगरचिमट्याची तार घेऊन एकेक स्विच ओलांडा. ज्याला ओलांडल्यावर कॉइल ओढते, तो गुन्हेगार. हे फक्त कमी व्होल्टेजच्या बाजूला करायचं.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत टीप असते : चित्र काढताना मशीन कोणत्या अवस्थेत धरलंय, रिले सुटलेले, मोटर आपल्या घरी (थांबायच्या ठरलेल्या जागी), वगैरे. ती वाचल्याशिवाय उघडा स्विच आणि मिटलेला स्विच यांत गल्लत होते. तारांचे रंगही लिहिलेले असतात, पण जुन्या कापडी आवरणाच्या तारांचे रंग उडतात. तारेला जिथे ऊन-धूळ लागली नाही अशा जुडग्याच्या आतल्या भागात बघा.

कॉन्टॅक्ट सगळे एकदम घासून टाकू का?

अजिबात नाही, आणि याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण निम्मी मशीनं या उत्साहापायीच बिघडतात.

मशीनमध्ये शेकडो पत्त्यांचे स्विच असतात. बहुतेकांच्या टोकाला चांदीचा ठिपका असतो. त्याच्यावरचा काळपट थर बऱ्याचदा वीज वाहू देतो, त्याला त्रास देतात ते धूळ आणि चिकट तेल. अशा ठिकाणी कोरड्या कार्डाची पट्टी दोन ठिपक्यांमध्ये धरून, हलकेच दाबून ओढा. कार्डावर काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबली की झालं. जमलं नाही तरच लवचीक कानस, तीही दोन-तीन फेऱ्या. पॉलिश पेपर वापरला तर त्याचे कण ठिपक्यात रुततात आणि चांदी झिजते ती वेगळीच.

जिथे जास्त वीज वाहते, म्हणजे फ्लिपर, बंपर वगैरेंचे स्विच, तिथे बऱ्याचदा टंग्स्टनचे कडक ठिपके असतात. ते कार्डाने साफ होत नाहीत, त्यांना कानसच लागते. ज्यांनी जुन्या बजाज स्कूटरच्या मॅग्नेटोतले पॉइंट घासून गॅप लावलाय, त्यांना हे काम शिकवावं लागत नाही : आधी घासणं, मग गॅप, आणि दोन्हीपैकी गॅप महत्त्वाचा.

गॅप लावताना आधी पत्त्यांच्या थप्पीचे स्क्रू आवळून घ्या. मधल्या इन्सुलेशनच्या चकत्या वर्षानुवर्षं सुकून आकसतात, थप्पी सैल होते आणि पत्त्या इकडेतिकडे सरकतात. कित्येकदा नुसतं आवळल्यावरच स्विच सुधारतो. मग बघा : उघडा असताना दोन ठिपक्यांत साधारण दीड मिलिमीटर फट हवी. मिटताना एका पत्तीने दुसरीला किंचित ढकलून पुढे न्यायला हवं, म्हणजे ठिपके एकमेकांवर घासून स्वतःच साफ राहतात. लांब पत्ती वाकवायची नसते, आखूड वाकवायची. वाकवायची तीही बुडाशी, मध्ये नाही.

ज्या स्विचमध्ये दोष सिद्ध झालेला नाही त्याला हात लावू नका. रिलेच्या थप्पीत एका हालचालीत कुठला स्विच आधी मिटतो नि कुठला नंतर, याचा क्रम कारखान्यात लावून दिलेला असतो. तो क्रम बिघडवला तर जो बिघाड आधी नव्हता तो नव्याने शोधत बसावं लागतं.

डब्ल्यूडी-४० मारू का?

नको. कुठेच नको. ते तेल धूळ धरून ठेवतं, काही महिन्यांनी चिकटा होतो, आणि ते पेट घेऊ शकतं. मशीनमध्ये क्षणोक्षणी ठिणग्या उडत असतात. स्लीव्हमध्ये सरकणारा दट्ट्याही कोरडाच चालायला हवा, त्याला तेल नसतं.

स्टेपर युनिट अडकतंय.

चेंडू मोजणारं, क्रेडिट मोजणारं, बोनस वाढवणारं, अशी ही दातेरी चाकं. एक कॉइल पुढे ढकलते, दुसरी मागे सोडते. पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रीसचा डिंक झालेला असतो. पूर्ण खोलून, भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडे करून परत जोडा. खोलण्याआधी स्प्रिंगला किती फेरे दिलेत ते मोजा आणि फोटो काढा, ती सुटली की अंदाज चालत नाही.

बेकेलाइटच्या तबकडीवरच्या पितळी रिव्हेटांना बारीक स्क्रबिंग पॅडने चमक आणा. फिरणारी बोटं रिव्हेटच्या मध्यावर टेकताहेत ना ते बघा. अर्धवट दोन रिव्हेटांवर टेकली तर भलतेच दिवे लागतात. वंगण फक्त आसाला, टिचभर.

स्टार्ट दाबलं की मोटर फिरतच राहते, थांबत नाही. काय झालंय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो.

पेटीत एक स्कोअर मोटर असते. तिच्या आसावर कॅम आणि कॅमभोवती स्विचच्या थप्प्या. खेळ सुरू करणं, चाकं शून्यावर आणणं, पन्नास किंवा पाचशे गुण पाच ठोक्यांत देणं, हे सगळं ती क्रमाने करवून घेते. ‘टिंग’ पाच वेळा वाजतं ते यामुळेच.

स्टार्ट दाबल्यावर ती गुणांच्या चाकांना ठोके देत राहते. प्रत्येक चाकाला एक स्विच असतो जो चाक शून्यावर आलं की सांगतो, ‘मी पोचलो’. सगळ्यांनी सांगितलं की रीसेटचा रिले सुटतो, मोटर घरी जाऊन थांबते आणि चेंडू बाहेर येतो. एकाने जरी सांगितलं नाही तरी मोटर बिचारी वाट बघत फिरत राहते.

तेव्हा आधी चाकांकडे बघा. एखादं शून्याखेरीज दुसऱ्याच आकड्यावर अडलंय? त्याचा दट्ट्या हाताने ढकलून शून्यावर आणा. मोटर थांबली तर दोष त्या चाकाला ढकलण्यात आहे : कॉइल, तिची तार, अडकलेला दट्ट्या किंवा कमकुवत स्प्रिंग. सगळी शून्यावर असूनही मोटर फिरतेय? मग कुणाचा तरी शून्याचा स्विच खोटं बोलतोय. चाकाच्या मागे त्याच थप्पीत नऊचा स्विचही असतो, जो नऊवरून शून्यावर जाताना पुढच्या चाकाला एक ढकलतो. गुण ‘हातचा’ घेत नसतील तर तो बघायचा.

तरीही थांबत नसेल तर रीसेटचा रिले सुटतोय का, आणि मोटरचा स्वतःचा घरचा स्विच उघडतोय का, या क्रमाने. बिघाड शोधत असताना मोटर मिनिटांमागून मिनिटं फिरत ठेवू नका, तिच्याबरोबर रिलेही तापतात. दोनेक सेकंद बघा, बंद करा, विचार करा.

फ्लिपर मरतुकडे झालेत. जास्त ताकदीची कॉइल टाकू?

आधी दोन स्विच साफ करा : बाजूच्या बटणाचा, आणि फ्लिपरच्या बुडाशी असलेला शेवटचा स्विच. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची उचलायला, बारीक तारेची धरून ठेवायला. फ्लिपर खाली असताना शेवटचा स्विच मिटलेला असतो आणि वीज बारीक गुंडाळीला वळसा घालून जाते. फ्लिपर पूर्ण वर गेला की स्विच उघडतो, बारीक गुंडाळी वाटेत येते आणि वीज कमी होते. हा स्विच मळला तर सुरुवातीपासूनच वीज कमी, म्हणून मरतुकडा. उघडलाच नाही तर कॉइल जळते.

मग दट्ट्याचं टोक ठोकून ठोकून पसरलंय का, स्लीव्हमध्ये ते घासतंय का, सांध्याची पट्टी ढिली झालीय का ते बघा. जुनी धातूची स्लीव्ह असेल तर नायलॉनची टाका. हे सगळं झाल्यावर ताकदीची कॉइल लागतच नाही. ती टाकली तर त्या काळच्या नाजूक टार्गेटांचे तुकडे होतील.

फ्यूज सारखा उडतोय.

मोठा फ्यूज टाकू नका. मल्टिमीटरने त्या वाटेवरच्या कॉइलचा रोध मोजा, एक बाजूची तार सोडवून. साधारण दोन ओमच्या खाली आली तर ती आतून शॉर्ट झालीय. कागद करपलेला दिसेल, वासही येईल. पण नुसती कॉइल बदलून थांबू नका. ती का जळली? कुठला तरी स्विच चिकटला होता. तो सापडेपर्यंत नवी कॉइल लावायची नाही.

मशीन सतत गुणगुणतं.

थोडं गुणगुणणं बरोबर आहे. मशीन चालू असेपर्यंत ओढून धरलेला एखादा रिले असतोच, आणि त्याला एसी वीज आहे. खडखड येत असेल तर रिलेच्या तोंडावर धूळ किंवा गंज आहे, पुसा.

दिवे एलईडी करावे का?

मूळ दिवे ६.३ व्होल्टचे. ४४ नंबरचा २५० मिलिअँपिअर घेतो, ४७ नंबरचा १५०. ४७ टाका. उजेडातला फरक फारसा कळत नाही, पण उष्णता कमी होते आणि मागच्या काचेचा रंग वाचतो. साधे एलईडी एसीवर थरथरतात, आणि त्यांच्या पांढऱ्याफटक उजेडात १९६० च्या दशकातलं चित्र आजारी दिसतं. टाकायचेच तर एसीसाठी बनवलेले, उबदार पिवळे, आणि फक्त काचेमागे.

खेळायची फळी काळी पडलीय. कशाने धुऊ?

पाण्याने नाही. खाली प्लायवूड आहे, वरचा लॅकर तडकलेला, पाणी शिरलं की लाकूड फुगतं. नॅफ्था आणि मऊ सुती कापड, एवढ्याने बराच मळ निघतो. त्यानंतर नोव्हस २ सारखं सौम्य पॉलिश. मेलामाइनचा स्पंज अल्कोहोलमध्ये भिजवून घासायची युक्ती सगळे सांगतात. ती चालते, पण तो स्पंज म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरच आहे, मळाबरोबर लॅकर आणि मग रंगही जातो. आधी ॲप्रनखालच्या (फळीच्या खालच्या टोकावरच्या झाकणाखालच्या) कोपऱ्यात करून बघा. शेवटी कार्नाउबा मेण.

वर गाडीचा दोन-घटकी क्लिअरकोट मारणं दिसायला सुंदर, पण त्यात आयसोसायनेट असतात. साध्या मास्कने भागत नाही, बाहेरून हवा पुरवणारं श्वसनयंत्र लागतं. गराजमध्ये हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत. गाडी रंगवणाऱ्याकडून करून घ्या, किंवा करूच नका. थोडी झीज दिसली तर बिघडलं काय? लोक त्या फळीवर खेळले आहेत.

मागच्या काचेचा रंग सुटतोय.

रंगाच्या बाजूला कापड, ओलं-सुकं काहीही लावू नका. पुसायची ती फक्त समोरची बाजू. सुटलेले पापुद्रे तसेच ठेवून मागून पारदर्शक जाड स्प्रेचा थर देतात. क्रायलॉनचा ‘ट्रिपल थिक’ त्यासाठी वापरला जातो. हे एकदा केलं की परत काढता येत नाही, म्हणून दुर्मीळ काचेवर मी करणार नाही. आपल्या मशीनच्या काचेची नवी छापील प्रत मिळते का, हेही आधी बघून घ्या.

पेटी नव्याने रंगवू?

शक्यतो नको. रंगवायचीच झाली तर जुना रंग कोरडा घासू नका. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ साली आली, तुमचं मशीन त्याआधीचं आहे. चाचणीची पट्टी वापरा, ओला पॉलिश पेपर, चांगला मास्क, मुलं लांब.

‘फॉर अम्यूझमेंट ओन्ली’ असं का लिहिलेलं असतं?

कारण पिनबॉल जुगार समजला जायचा. न्यूयॉर्क शहराने १९४२ साली बंदी घातली, महापौर ला गार्डियांनी जप्त मशीनं घणाने फोडतानाचे फोटो काढून घेतले. ती बंदी १९७६ मध्ये उठली. त्या वेळी रॉजर शार्प या लेखकाने नगर परिषदेच्या लोकांपुढे, चेंडू कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगून, तसा सोडून दाखवला होता. गंमत म्हणजे जिथे ही मशीनं बनत त्या शिकागोतही ती चालवायला मनाई होती.

दुरुस्तीच्या दृष्टीने याचा संबंध इतकाच : जिथे फुकटचा डावसुद्धा बक्षीस मानला जाई, तिथे डावाऐवजी जादा चेंडू देणारी मशीनं गेली. तुमच्या मशीनमध्ये क्रेडिटचं चाक आणि पेटीवर ठोका मारणारा नॉकर सापडत नसेल तर ते चोरीला गेलं असं समजण्याआधी आराखडा बघा.

परत जाताना हे मशीन पुण्या-मुंबईला नेता येईल का?

विजेच्या बाजूने बोलतो. तिकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज उतरवायला ५०० व्हीएचा, दोन गुंडाळ्या वेगळ्या असलेला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पण हर्ट्झ उतरत नाहीत. मोटर साधारण सतरा टक्के सावकाश फिरेल, त्याने खेळ बिघडत नाही, टिंगटिंग जरा निवांत होते. मूळ ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठीच बनलेला असेल तर जास्त तापेल. त्याला ११५ ऐवजी १०० व्होल्टच्या आसपास द्या, आणि पहिल्या दिवशी तासाभराने हात लावून बघा.

यापेक्षा सोपा मार्ग : त्या काळी बरीच मशीनं फ्रान्स, इटली, जर्मनीला गेली, त्यांत कारखान्यातूनच २२०-२४० चा ट्रान्सफॉर्मर असायचा. तसं मिळालं तर ही कटकट नाही.

खरी भीती पावसाळ्याची. कोकणपट्टीच्या दमटपणात काचेचा रंग आणि प्लायवूड दोन्ही सुटतात. पुण्यात तरी बरं, मुंबईत डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीतच ठेवा.

उतार किती द्यायचा?

साडेतीन अंशांच्या जवळपास. मागचे पाय वर-खाली करून लावा, आणि आडवी पातळी फळीवर मोजा, पेटीच्या कडेवर नको. उतार जास्त दिला तर जुने फ्लिपर चेंडू वरपर्यंत पोचवू शकत नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते दोनच इंचांचे होते.

रबर पांढरं की काळं?

पांढरं. काळं कडक असतं, उसळी कमी देतं.

चेंडू केव्हा बदलायचा?

व्यास १ पूर्णांक १/१६ इंच, वजन ८० ग्रॅम, किंमत किरकोळ. नखाला खड्डा जाणवला की बदला. खड्ड्याच्या कडा फळीचा रंग खरवडतात. आणि नवा चेंडू टाकण्याआधी फळीवर मेणाचा हात फिरवून घ्या.